लेझर यंत्रात पत्रा नेमका कसा कापला जातो, आणि जाड प्लेटचा कट दुपारी का बिघडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्यात ३ किलोवॅटचे फायबर लेझर यंत्र आहे. त्यावर १ ते ३ मिलिमीटरचा स्टेनलेस पत्रा स्वच्छ कापला जातो, परंतु एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, १२ मिलिमीटर प्लेटला खालच्या कडेने स्लॅग, म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला धातू, चिकटते, आणि सकाळी चांगला येणारा कट दुपारपर्यंत बिघडतो. हे यंत्र मुळात कसे काम करते, आणि ६ किलोवॅटचे घेतल्यास ही अडचण सुटेल का, असे विचारले आहे. अनेक वर्षे ही यंत्रे चालवताना आणि दुरुस्त करताना माझे एक मत पक्के झाले आहे: किरण धातू वितळवतो, पण वितळलेला धातू फटीतून बाहेर काढतो तो वायू. बिघडलेला कट बहुतेक वेळा वॅटच्या कमतरतेमुळे बिघडत नाही. किरण, वायू आणि नोझल, म्हणजे ज्या तोंडातून हे दोन्ही बाहेर पडतात ते, यांचा मेळ सुटलेला असतो.

या तंत्राचा इतिहासही हेच सांगतो. उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना आइनस्टाईन यांनी १९१७ मध्ये मांडली, थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या कांडीपासून पहिला लेझर चालवून दाखवला आणि कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर तयार केला. तरीही धातूचा पत्रा सरळ कापणे जमले ते १९६७ मध्ये, जेव्हा ब्रिटनमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडला आणि १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापून दाखवला. किरण आधीपासून होताच. कापणे सुरू झाले ते वायूची जोड मिळाल्यावर.

आता किरण कसा तयार होतो ते पाहू. फायबर लेझरमध्ये अनेक डायोडांचा प्रकाश यटर्बियम मिसळलेल्या काचतंतूत सोडला जातो. यटर्बियमचे अणू ती ऊर्जा शोषून घेतात आणि सुमारे १.०७ मायक्रॉन तरंगलांबीचा, एकाच दिशेचा प्रकाश देतात. तंतूच्या दोन्ही टोकांशी कोरलेल्या जाळ्या आरशाचे काम करतात. असे अनेक मॉड्यूल एकत्र जोडून त्यांचा प्रकाश ५० किंवा १०० मायक्रॉन गाभ्याच्या एकाच तंतूतून कटिंग हेडपर्यंत, म्हणजे पत्र्यावरून फिरणाऱ्या कापणाऱ्या भागापर्यंत, नेला जातो. कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ दसपट. तो काचतंतूतून जाऊ शकत नसल्यामुळे त्याला आरशांवरून वळवत न्यावे लागते आणि ते आरसे सतत साफ व सरळ ठेवावे लागतात. विजेच्या हिशोबातही मोठा फरक पडतो. कार्बन डायऑक्साइड यंत्रात घेतलेल्या विजेचा साधारण दहावा भाग किरणात उतरतो, तर फायबरमध्ये एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक. धातूच्या कामात फायबरने बाजी मारली ती याच कारणांमुळे; लाकूड आणि ॲक्रिलिकसाठी मात्र आजही १०.६ मायक्रॉनचाच किरण योग्य आहे, कारण हे पदार्थ तो चांगला शोषतात.

हेडमध्ये दोन मुख्य भिंगे असतात. पहिले भिंग तंतूतून पसरत येणारा प्रकाश समांतर करते आणि दुसरे तो एका बिंदूवर आणते. पहिल्याचे केंद्रांतर १०० मिलिमीटर, दुसऱ्याचे १५० मिलिमीटर आणि तंतूचा गाभा १०० मायक्रॉन असेल, तर बिंदूचा व्यास १५० मायक्रॉन येतो. ३ किलोवॅट शक्ती एवढ्याशा वर्तुळात एकवटली की प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे १,७०,००० वॅट पडतात. कोणताही धातू या माऱ्याखाली क्षणात वितळतो, त्यामुळे ‘वितळवण्याइतकी शक्ती आहे का’ हा प्रश्न पातळ पत्र्याच्या बाबतीत फारसा उरतच नाही.

हे आकड्यांनी पाहण्यासारखे आहे. १ ग्रॅम पोलाद खोलीच्या तापमानापासून वितळवायला साधारण १.३ किलोज्यूल लागतात, म्हणजे प्रत्येक घन मिलिमीटरला सुमारे १० ज्यूल. २ मिलिमीटरचा पत्रा ०.१५ मिलिमीटर रुंदीच्या फटीने मिनिटाला १० मीटर वेगाने कापायचा असेल, तर सेकंदाला ५० घन मिलिमीटर धातू वितळतो आणि त्याला ५०० वॅट पुरतात. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट शक्ती द्यावी लागते, कारण काही किरण परावर्तित होतो, काही फटीतून खाली निसटतो, काही उष्णता पत्र्यात पसरते आणि धातू नुसता वितळवून भागत नाही. तो पाण्यासारखा पातळ होऊन वाहायला हवा असेल तर वितळणबिंदूच्या बराच वर तापवावा लागतो. वाहून गेला नाही तर तो खालच्या कडेला गोठतो, आणि आपण ज्याला स्लॅग किंवा बर म्हणतो ती हीच.

वायूचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमसाठी नायट्रोजन वापरतात. तो धातूशी जळण्याची क्रिया करत नाही, केवळ १० ते २० बार दाबाने वितळलेला धातू खाली ढकलतो, आणि म्हणून कड चकचकीत राहते. येथे सगळे काम किरणाच्या उष्णतेवर आणि झोताच्या जोरावर चालते. एमएसच्या जाड प्लेटला ऑक्सिजन देतात, तेव्हा लोखंड स्वतःच जळू लागते. १ ग्रॅम लोखंड जळून आयर्न ऑक्साइड होताना सुमारे ४.८ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे तेवढ्याच पोलादाला वितळवायला लागणाऱ्या उष्णतेच्या साडेतीन पटींहून अधिक. जाड प्लेट कापण्यातला मोठा वाटा या ज्वलनाचा असतो. लेझर ते पेटते ठेवतो आणि त्याला सरळ रेषेत चालवतो. म्हणूनच ऑक्सिजनचा दाब जाड प्लेटला अर्धा ते एक बार एवढाच ठेवतात. दाब वाढवला की ज्वलन किरणाच्या ताब्यातून सुटते, फट रुंद होते, खालच्या भागात खड्डे पडतात आणि कोपरे खाल्ले जातात. नायट्रोजनची सवय झालेला ऑपरेटर स्लॅग दिसताच दाब वाढवतो, आणि १२ मिलिमीटरवर नेमकी हीच चूक होते.

ऑक्सिजनच्या कटावर एक पातळ ऑक्साइडचा थर राहतो. त्या कडेवर थेट पावडर कोटिंग केले तर काही दिवसांनी ते कडेपाशी पापुद्र्यासारखे सुटते, म्हणून रंगाला जाणाऱ्या जॉबची, म्हणजे कापलेल्या तुकड्याची, कड आधी घासून घ्यावी किंवा जाडी परवडत असेल तर नायट्रोजनने कापावी. टायटॅनियमला हे दोन्ही वायू चालत नाहीत, कारण तापल्यावर ते दोघांशीही संयोग पावते. त्याला आर्गॉन लागतो.

नायट्रोजनच्या खपाबद्दल अनेकांचा अंदाज चुकतो. २ मिलिमीटर छिद्राच्या नोझलमधून १५ बार दाबाने तासाला ३० घनमीटरांहून अधिक वायू जातो, म्हणजे सुमारे ७ घनमीटरचा एक सिलिंडर अखंड कटिंगला पाव तासही पुरत नाही. खप छिद्राच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे २ ऐवजी ३ मिलिमीटरचे नोझल लावले की तो सव्वादोन पट होतो आणि पुरवठ्याची नळी किंवा रेग्युलेटर लहान असेल तर नोझलपाशी दाब टिकत नाही. पडद्यावर १५ बार दिसत असतात, प्रत्यक्ष फटीत मात्र त्याहून बरेच कमी पोहोचतात.

आता सकाळचा चांगला कट दुपारी का बिघडतो, याकडे वळतो. या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा धागा हाच आहे. हेडच्या तळाशी, नोझलच्या वर, भिंगाचे रक्षण करणारी एक काच असते. पिअर्सिंगच्या, म्हणजे कट सुरू करण्यासाठी पहिले छिद्र पाडण्याच्या, वेळी उडालेला धातूचा एखादा कण किंवा वायूतून आलेला तेलाचा अंश तिच्यावर बसला की तो किरणाची थोडी ऊर्जा शोषतो, काच मध्यभागी तापते आणि तापलेली काच स्वतःच एका कमजोर भिंगासारखी वागू लागते. परिणामी फोकस जागेवरून सरकतो. पातळ पत्र्याला हे सहन होते, १२ मिलिमीटरला होत नाही.

एका कारखान्यात मी स्वतः या दोषामागे दोन दिवस घालवले आहेत. पहिले तीन-चार जॉब उत्तम निघत, त्यानंतर खालच्या कडेला स्लॅग चिकटू लागे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिले जॉब चांगले निघत. ऑपरेटरने वेग कमी केला, मी फोकस बदलला, दाब बदलला. प्रत्येक बदल काही मिनिटे लागू पडल्यासारखा वाटे. शेवटी काच बाहेर काढली. समोरून पाहता ती निर्मळ दिसत होती. टॉर्चचा प्रकाश बाजूने, काचेला जवळजवळ समांतर धरून टाकला तेव्हा मध्यापासून थोड्या अंतरावर खसखशीच्या दाण्याहूनही लहान, करडा ठिपका दिसला, त्याच्याभोवती धुरकट कडे होते. काच बदलली आणि जुन्याच सेटिंगवर दिवसभर एकसारखा कट आला. तेव्हापासून मी आधी काच पाहतो आणि मगच सेटिंगला हात लावतो.

तरीही केवळ ‘विश्रांतीनंतर सुधारतो’ एवढ्यावर काचेला दोष देऊ नये, कारण सलग कापताना प्लेटही तापते आणि तापलेल्या प्लेटमध्ये ऑक्सिजनचे ज्वलन अनावर होते. दोन्ही कारणे वेगळी करण्याची सोपी रीत अशी की कट बिघडल्यावर यंत्राला विश्रांती न देता लगेच थंड प्लेट चढवावी. थंड प्लेटवरही कट खराब आला तर दोष हेडमध्ये आहे. चांगला आला तर दोष उष्णतेच्या साठ्यात आहे, आणि मग नेस्टिंगमध्ये, म्हणजे प्लेटवरील जॉबच्या मांडणीत, शेजारचे जॉब सलग न कापता एकमेकांपासून दूरचे जॉब आळीपाळीने कापण्याचा क्रम ठरवावा. तिसरी शक्यता चिलरची, म्हणजे यंत्राला थंड ठेवणारे पाणी गार करणाऱ्या उपकरणाची. पाण्याचे तापमान ठरलेल्या अंकापासून दोन-तीन अंशांनी जरी दिवसभरात चढत असेल, तरी त्याची नोंद ठेवून पाहावी. त्याच वेळी हेही सांगायला हवे की दमट हवेत पाणी गरजेपेक्षा थंड ठेवल्यास हेडच्या आत दव धरते आणि भिंगाचे कायमचे नुकसान होते, म्हणून पाणी हवेच्या दवबिंदूच्या खाली कधीही नेऊ नये.

काचेनंतर नोझल. कटाच्या एकाच बाजूला बर येत असेल आणि दुसरी बाजू स्वच्छ असेल, तर किरण नोझलच्या मध्यातून जात नाही असे समजावे. याची तपासणी साध्या चिकटपट्टीने होते. नोझलच्या तोंडावर पट्टी ताणून चिकटवायची, कमी शक्तीचा एकच क्षणिक किरण सोडायचा आणि पट्टी अलगद काढून पाहायची. पट्टीवर नोझलच्या छिद्राचा गोल ठसा उमटलेला असतो आणि त्यात किरणाने पाडलेले सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. ते छिद्र गोलाच्या बरोबर मध्यभागी असायला हवे; नसेल तर हेडवरील स्क्रूने किरण सरकवून पुन्हा तपासावे. ऑक्सिजनच्या जाड कटात याची किंमत जास्त, कारण किरणाभोवतीचा झोत चारही दिशांना सारखा नसेल तर प्लेटची एक बाजू अधिक जळते आणि उजवीकडे कापलेली रेघ डावीकडे कापलेल्या रेघेसारखी दिसत नाही. नोझलचे छिद्र पिअर्सिंगच्या उडालेल्या धातूने अंडाकृती झाले असेल तर मध्य साधूनही उपयोग होत नाही, ते नोझल काढून टाकावे. नोझल आणि पत्रा यांच्यातले अर्धा ते एक मिलिमीटरचे अंतर विद्युतधारितेच्या सेन्सरने राखले जाते. नोझल सैल बसलेले असले किंवा त्याच्या तोंडाशी धातू चिकटलेला असला तर हे मोजमापही चुकते.

फोकसची जागाही दोन्ही वायूंना उलट लागते. नायट्रोजनने कापताना तो पत्र्याच्या आत, बहुधा खालच्या भागाकडे ठेवतात, म्हणजे खाली फट रुंद राहते आणि धातू सहज निघतो. ऑक्सिजनने जाड प्लेट कापताना तो पृष्ठभागाच्या वर ठेवतात, म्हणजे प्लेटवर पडणारा ठिपका मोठा होतो आणि ऑक्सिजनला आत शिरायला रुंद वाट मिळते. जाड प्लेटला बारीक फट म्हणजे चांगला कट, हा समज येथे लागू पडत नाही.

पिअर्सिंगकडेही लक्ष द्यावे. १२ मिलिमीटरमध्ये पहिले छिद्र एका दमात पाडायचा प्रयत्न केला तर वितळलेला धातू वर उसळतो, छिद्राभोवती ढीग साचतो आणि काचही खराब होते. टप्प्याटप्प्याने, स्पंदित किरणाने आणि हेड थोडे वर ठेवून छिद्र पाडावे, आणि जॉबच्या रेषेवर न पाडता बाहेर पाडून आत यावे. प्लेटच्या पृष्ठभागावरील गंज, सैल पापुद्रे किंवा रंग यांमुळेही सुरुवातच बिघडते. एकाच जाडीच्या दोन प्लेटा एकाच सेटिंगवर वेगळ्या कापल्या गेल्या, तर यंत्राआधी पोलादाच्या रासायनिक घटकांचा दाखला पाहावा. सिलिकॉन, मँगनीज आणि गंधक यांच्या प्रमाणातला फरक कडेवर लगेच दिसतो.

६ किलोवॅटच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. नायट्रोजनने कापल्या जाणाऱ्या पत्र्याला दुप्पट शक्तीचा सरळ लाभ होतो आणि सरळ रेषेवरचा वेग दुपटीच्या जवळ जातो. ऑक्सिजनने ३ मिलिमीटर एमएस कापताना वेग फारसा बदलत नाही, कारण तेथे मर्यादा ज्वलनाच्या गतीची आहे. जाड प्लेटला अधिक शक्तीचा उपयोग आहे. अधिक जाडी आवाक्यात येते आणि वेगही काही प्रमाणात वाढतो. परंतु १२ मिलिमीटर एमएस ३ किलोवॅटच्या आवाक्यात आहे आणि त्यावर स्वच्छ कट यायलाच हवा. तो येत नसेल तर त्याच सवयींनी चालवलेले ६ किलोवॅटचे यंत्र काच अधिक लवकर तापवेल.

वेगाबद्दल आणखी एक हिशोब घ्यावा. मिनिटाला ३० मीटर म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. यंत्राचा त्वरण दर सेकंदाला १० मीटर प्रति सेकंद असेल, तर हा वेग गाठायला १२.५ मिलिमीटर आणि पुन्हा थांबायला तेवढेच अंतर लागते. १० मिलिमीटर बाजूच्या चौकोनी छिद्रात हेड प्रत्येक कोपऱ्यावर थांबत असेल तर सर्वोच्च वेग मिनिटाला १९ मीटरच्या आसपास अडतो आणि सरासरी त्याच्या निम्मी पडते. ज्या कारखान्यात लहान छिद्रांचे जॉब जास्त, तेथे वॅटपेक्षा यंत्राचा सांगाडा, हेड सरकवणारे रॅक-पिनियनचे दाते आणि सर्व्हो मोटर यांचा दर्जा अधिक पैसे वाचवतो. कोपऱ्यावर वेग उतरतो तेव्हा शक्तीही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे, अन्यथा कोपरा जळतो. कंट्रोलरमधील ही वेग-शक्तीची जोडणी नीट लावलेली आहे का, ते तपासावे.

सुरक्षेची बाब मी कधीच शेवटची म्हणून उरकत नाही. १ मायक्रॉनचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तो थेट दृष्टिपटलावर एकवटते, आणि पत्र्यावरून विखुरलेला किरणही इजा करण्याइतका तीव्र असतो. कार्बन डायऑक्साइड यंत्राला चालणारी साधी पारदर्शक खिडकी फायबरला चालत नाही, कारण हा किरण तिच्यातून आरपार जातो. खिडकी आणि चष्मा त्याच तरंगलांबीसाठी प्रमाणित असावा, आणि दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच किरण थांबवणारी सोय, कोणत्याही घाईसाठी बंद करू नये. स्टेनलेसच्या धुरात विषारी षट्संयुजी क्रोमियम असते, पीव्हीसी कापल्यास हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो, आणि ॲल्युमिनियमची बारीक धूळ पोलादाच्या ठिणग्यांसोबत एकाच धूळसंग्राहकात गेल्यास स्फोट होऊ शकतो. पीव्हीसी या यंत्रावर चढवूच नये, आणि ॲल्युमिनियमनंतर एमएस घेण्याआधी संग्राहक व खालचे कप्पे रिकामे करावेत.

आपल्या १२ मिलिमीटर प्लेटसाठी माझा क्रम असा राहील: प्रथम काच बाजूच्या प्रकाशात पाहावी, मग नोझलचे छिद्र व चिकटपट्टीची चाचणी, मग ऑक्सिजनची शुद्धता आणि नोझलपाशी मिळणारा दाब, मग प्लेटचा पृष्ठभाग. एवढे झाल्यावरच फोकस अर्ध्या मिलिमीटरच्या पायऱ्यांनी बदलून १०० मिलिमीटरच्या रेघा कापाव्यात, प्रत्येक रेघेवर खडूने आकडा लिहावा, आणि सर्वांत स्वच्छ रेघेच्या फोकसवर वेग ठरवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ६ किलोवॅटचे यंत्र पाहायला गेलात तर आपलीच प्लेट आणि आपलेच ड्रॉइंग बरोबर न्यावे, दोन तास सलग कापून घ्यावे, आणि पहिला व शेवटचा जॉब खालची कड वर करून शेजारी ठेवून पाहावेत.